मदत हवी आहे: शेफिल्डला कोसळलेल्या बी-१७ विमानातल्या दहा जणांबद्दल

नमस्कार मंडळी. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गच्या मोहिमेवरून परतताना ‘मी अमिगो’ हे अमेरिकन बॉम्बर इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या एन्डक्लिफ पार्कमध्ये कोसळलं. दहाही जण गेले. वैमानिक होता लेफ्टनंट जॉन क्रीग्सहाउजर. विमानाचा तळ नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या चेल्व्हस्टनला होता. पार्कात स्मारक आहे आणि २०१९ मध्ये, पंच्याहत्तराव्या स्मृतिदिनी, त्यावरून लढाऊ विमानांनी सलामी दिली होती.

फेब्रुवारीत मुलांसाठी एक पानभर मराठी टिपण करायचं आहे. मला फक्त वैमानिकावर थांबायचं नाही. तोफची, नॅव्हिगेटर, रेडिओवाला, ही पोरं कुठली, घरी कोण होतं, हे हवंय. अशा वेळी बाकीचे नऊ जण नुसती यादी होऊन जातात, ते खटकतं.

पार्कात खेळणाऱ्या मुलांना वाचवण्यासाठी वैमानिकाने विमान वळवलं, असं सांगतात. त्या काळातल्या कागदांत याला काही आधार सापडतो का? नसेल तर ‘असं सांगतात’ एवढंच लिहीन.

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून मृत सैनिकाची वैयक्तिक फाइल कुणी मागवली आहे का? नातेवाईक नसताना मिळते का, अर्जात काय लागतं? आणि ब्रिटनमध्येच अपघात झाला असेल तर आधी बेपत्ता विमानांचे अहवाल पाहावेत की अपघातांचे?