नळयोजनेची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठतेय, काय करता येईल?

माळरान
नमस्कार मंडळी, आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. नळयोजनेची विहीर ओढ्याकाठी आहे, ५० फूट, आधी एप्रिल अखेरपर्यंत पुरायची. आता तीन वर्षं झाली फेब्रुवारीतच पुरुषभर पाणी उरतं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर दोन बोअर झालेत, एक ४०० फुटांचं, त्यावर कागदाचं, म्हणजे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं भरतात. बोलायला गेलं की म्हणतात खोलचं पाणी वेगळं असतं, तुमच्या विहिरीचा काय संबंध. खरंच वेगळं असतं का? चवही बदललीय, आई म्हणते डाळ लवकर शिजत नाही. भांडण नकोय, सगळे भावकीतलेच आहेत, पण बायामाणसं टँकरमागे पळताना बघून जीव तुटतो.

काळापाषाण
दादा, वेगळं नसतं. आपला खडक बेसाल्ट, काळा पाषाण, त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, तुमची विहीर त्याच मुरमावर जगते. बोअरला केसिंग, म्हणजे आतला पाइप, साधारण वरचे २०-३० फूटच असतं, त्याखाली होल उघडंच, मग भेगांमधलं वरचं पाणी त्या होलात उतरतं आणि मोटर ते खालून उपसते. खाली कोरडं लागलं तरी वरचं पाणी झिरपून जातंच. शेततळ्याचं तर मला फार वाईट वाटतं, पावसाचं पाणी धरायला ती योजना होती आणि आपण जमिनीतलं गार पाणी काढून उन्हात ठेवतो, त्यातलं कितीतरी उडून जातं आणि कागदामुळे थेंबभरही मुरत नाही.

शिवारफेरी
कायदा आहे की. १९९३ च्या कायद्यातच सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला बंदी होती, पुढे २००९ चा भूजल कायदा आला, २०१४ पासून लागू आहे, त्यात ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर धरलीय, ते ४०० फुटांचं बोअर त्यातच बसतं. ग्रामसभेचा ठराव करा, अंतर मोजून तहसीलला अर्ज द्या आणि भूजल सर्वेक्षणवाल्यांना बोलवा. पण नुसत्या कागदाने होत नाही हो, भावकीत तर नाहीच. तुमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे, तिकडे चार जाणती माणसं न्या, ज्यांचे बोअर आहेत त्यांना आधी. तिथे शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पावसाळा संपला की पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती हे मोजून आधी पिण्याचं आणि जनावरांचं बाजूला काढतात, मग रब्बीत काय पेरायचं ते गाव बसून ठरवतं. आम्ही गेल्या दोन वर्षांपासून असा पाण्याचा ताळेबंद शाळेच्या भिंतीवर लिहितो, आकडा समोर दिसला की माणूस स्वतःहून कांद्याचं अर्धं रान कमी करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आशाताई_बीड
पाण्याच्या चवीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड झालंय, विहीर तळाला गेली की क्षार वाढतात. पण मला काळजी नायट्रेटची वाटते, युरिया आणि उकिरड्याचं पाणी मुरून येतं, त्याला रंग नाही वास नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर असेल तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका, आणि उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्याला सांगून नमुना लॅबला पाठवा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. विहिरीजवळ उकिरडा, शोषखड्डा, जनावरं धुणं असेल तर आधी ते हलवा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात का तेही बघा, टाकी नाही, शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) करा, तिथे क्लोरीन यायला हवं.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. उकिरडा आहे ताई, विहिरीच्या वरच्या अंगालाच, आमचाच. उद्या सकाळी ट्रॅक्टर लावून हलवतो. नमुनाही सोमवारी देतो. हिवरे बाजारला न्यायला बोअरवाल्या चुलत्यांना आज रात्री विचारणार आहे, ते आले तर बाकीचे येतील. शिवारफेरी भाऊ, तुमच्या भिंतीवरच्या ताळेबंदाचा फोटो इथे टाकाल का?