मदत हवी आहे: पीटीएसडीसाठी बीडीएनएफची रक्ततपासणी करावी का?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ लोकलचा मोटरमन. पावसाळ्यात एक माणूस गाडीखाली आला, तेव्हापासून दादाची झोप उडालीय. जेवताना रस्त्यावर कुणी जोरात हॉर्न मारला, की घास सोडून हात ब्रेक ओढायला पुढे जातो. पालिकेच्या रुग्णालयात पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघाताचा विकार) असल्याचं सांगितलं, सर्ट्रालिन हे औषध सुरू आहे.

आता एका लॅबवाल्याने बीडीएनएफ (मेंदूत आणि रक्तात असणारं एक प्रथिन) तपासणीचं पिल्लू सोडलंय, वर ते वाढवायच्या गोळ्याही. मी वाचलं ते असं: हे प्रथिन १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं. चेतापेशींमधले जोड ते बळकट करतं. 'आता धोका टळला' हे मेंदूला नव्याने शिकायलाही तेच लागतं. पण पीटीएसडीच्या रुग्णांच्या रक्तात ते कुठे कमी सापडलं, कुठे जास्त. त्यात रक्तातलं बरंचसं प्लेटलेट्समध्ये साठलेलं. मग त्या आकड्यावरून दादाच्या डोक्यातलं काय कळणार? मला तरी हा खिसा कापायचा धंदा वाटतो. वहिनी मात्र हटून बसली आहे.

कुणी मानसोपचारतज्ज्ञ असाल तर सांगा, या रिपोर्टवरून उपचार बदलतात का? आणि दादर ते ठाणे पट्ट्यात मराठीतून ट्रॉमा थेरपी देणारं कुणी आहे का? दादाची ड्युटी सतत बदलते, त्यामुळे वेळेचं जमवून घेणारं हवं.