'स्नाफू' म्हणजे नुसता घोळ नव्हे

अनुवादवाली: काल एका अमेरिकन पत्राचा मराठी अनुवाद तपासत होते. माल चुकीच्या गोदामात पोचला होता आणि पत्रात त्याला 'स्नाफू' म्हटलं होतं. अनुवादात आलं 'किरकोळ घोळ'. मी ते खोडलं. हा शब्द दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायांचा: 'सिच्युएशन नॉर्मल, ऑल … अप'ची आद्याक्षरं. गाळलेली जागा शिवीची, छापताना तिथे 'फाउल्ड' घालतात. परिस्थिती नेहमीचीच, म्हणजे सगळ्याचा बट्ट्याबोळ! शिपायाचा सगळा राग त्या 'नॉर्मल'मध्ये आहे. 'घोळ'मध्ये तो कुठे येतो?

मूळशोध्या: आद्याक्षरांची व्युत्पत्ती म्हटली की मी आधी सावध होतो. आपल्या तोंडी रोज असणारा 'पॉश' घ्या. म्हणे मुंबईच्या बोटीवर साहेबाला जाताना डावी, येताना उजवी, अशी सावलीची केबिन मिळायची, म्हणून तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. असं एकही तिकीट सापडलेलं नाही. स्नाफूची फोडही मागाहून रचलेली असणार.

अनुवादवाली: पॉशचं पूर्ण मान्य. पण तिथे शब्द आधी रुळला, गोष्ट नंतर आली. स्नाफू १९४१च्या सुमारास छापात दिसतो. 'रडार'ही आद्याक्षरांचाच, त्याच काळातला. आणि सैन्याने शिपायांसाठी १९४३ ते ४५ मध्ये 'प्रायव्हेट स्नाफू' ही व्यंगपट मालिका काढली होती. पहिल्याच भागात निवेदक फोड सांगतो: 'सिच्युएशन नॉर्मल, ऑल…', क्षणभर अडखळतो, मग 'ऑल फाउल्ड अप'. ऐकणाऱ्या प्रत्येक शिपायाला खरा शब्द माहीत होता, म्हणून तर तो अडखळतो.

मूळशोध्या: मालिका १९४३ची. दोन वर्षांत गोष्ट रचून होते.

अनुवादवाली: मग १९४०च्या आधीचा एक तरी 'स्नाफू' दाखवा.

रोजचंबोलणं: व्युत्पत्ती खरी धरली तरी तुम्ही 'घोळ' उगाच खोडलात. आज स्नाफू लिहिणाऱ्याच्या डोक्यात ना शिपाई असतो ना शिवी. आपला 'गोंधळ' बघा. लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ घालतात, संबळ, दिवटी, तुळजाभवानीला आवाहन. पण वर्गात 'गोंधळ घालू नका' म्हणणाऱ्या बाईंच्या मनात संबळ वाजतो का? शब्द आज काय सांगतो ते लिहावं, जन्मकुंडली मांडू नये.

अनुवादवाली: उदाहरण चपखल, पण गोंधळाचे दोन्ही अर्थ आपल्याकडे अजून नांदतात, म्हणून संदर्भ बघावाच लागतो. त्या पत्रातलं पुढचं वाक्य होतं: महिन्यातली ही तिसरी वेळ. म्हणून मी लिहिलं, 'मालाचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न'.

रोजचंबोलणं: तिसरी वेळ असेल तर पंचावन्न चालेल. एकदाच चुकलं असतं तर मी 'घोळ'च ठेवला असता.