मदत हवी आहे: एसएसडी लावली पण दिसतच नाही (अर्जंट)

गोदाकाठ_झेरॉक्स (गंगाखेड):
नवी एसएसडी (वेगवान डिस्क) आणून लावली, दिसना. दुकानावर पीकविम्याच्या फॉर्मची लाइन लागलीय. जुनी डिस्क इतकी हळू की कॉम्प्युटर चालू करून माणूस कोपऱ्यावर चहा पिऊन येतो तरी गोल फिरायलंच असतं. विकणारा म्हणतो माल चांगलाय, परत घेणार नाही. लवकर सांगा.

साटा_अण्णा:
कुठं दिसना? बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचं बोर्डाचं सेटिंग) का माय कॉम्प्युटरमध्ये? मदरबोर्ड कोणता? एसएसडी चपट्या डबीसारखी आहे का रॅमसारखी पट्टी?

गोदाकाठ_झेरॉक्स:
कॉम्प्युटर जुनाच आहे, काळं कॅबिनेट. एसएसडी 240 जीबीची.

साटा_अण्णा:
भाऊ, काळं कॅबिनेट अख्ख्या परभणी जिल्ह्यात आहे. झाकण काढा आणि बोर्डावर काय छापलंय ते वाचून सांगा.

उदगीरी_बाबू:
माझं ऐका, जुन्यात पैसे घालू नका. सेकंडहँड आय5 घ्या, आठव्या जनरेशनचा. विंडोज 11 पण चालतंय. मी तेच केलं, निवांत आहे.

तुळशी_लिनक्स:
विंडोज काढा, लिनक्स मिंट टाका. एसएसडीची गरजच नाही.

गोदाकाठ_झेरॉक्स:
@तुळशी अंगठ्याचं मशीन चालतंय का त्याच्यावर? नाही ना. मग.
@अण्णा एच61 लिहिलंय. पंख्यावर इतकं कापसाचं तूस होतं की ब्रशनं झाडावं लागलं. डबीच आहे, डीव्हीडीची वायर काढून तिला लावली. विंडोज 10. बायोसमध्ये नाव येतंय, माय कॉम्प्युटरमध्ये नाही.

साटा_अण्णा:
हे आधी सांगितलं असतं तर! बायोसमध्ये आली म्हणजे डिस्क ठीक आहे. कोरी डिस्क माय कॉम्प्युटरमध्ये येतच नसते. दिस पीसीवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. इनिशियलाइज करू का विचारलं तर एमबीआर (डिस्क मांडायची जुनी पद्धत) निवडा. त्या काळातल्या मशीनवर विंडोज बहुतेक जुन्या पद्धतीनंच टाकलेलं असतं. खाली काळी पट्टी, 'अनअलोकेटेड' म्हणजे मोकळी जागा दिसंल.

जालना_गेमर:
एच61 म्हणजे साटा 2, डिस्क जोडायचं जुनं पोर्ट, सेकंदाला 3 गिगाबिट. डब्यावर सेकंदाला 500 एमबी लिहिलेलं असतं, मिळणार 270 च्या आसपास. पैसे पाण्यात. कार्ड लावून एनव्हीएमई (पट्टीवाली, अजून वेगवान एसएसडी) बसवायची ना.

साटा_अण्णा:
त्या बोर्डाचा मूळ बायोस एनव्हीएमईवरून बूट करत नाही. त्यांना काय बायोस बदलायला लावता का? आणि 270 ला नावं कशाला ठेवायची? जुन्या डिस्कचं डोकं फिरत्या तबकडीवर एकेक फाइल शोधत हिंडतं, दरवेळी 10 मिलीसेकंदाच्या घरात वेळ जातो. एसएसडीला 0.1 पुरतो. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली वाचल्या जातात, सगळा फरक तिथं पडतो. मोठी फाइल कॉपी करायला दुकानात कोण बसलंय?

जालना_गेमर:
मी फॅक्ट सांगितला. राग येत असंल तर सोडा.

नांदेड_टायपिंग:
विषय निघालाच म्हणून विचारतो, माझी पण 240 ची आहे आणि 223 च दाखवायलीय. फसवलं का?

उदगीरी_बाबू:
नाही हो. कंपनी 1000 नं मोजती, विंडोज 1024 नं. सगळ्यांना तेवढीच दिसती.

गोदाकाठ_झेरॉक्स:
दिसली. आता विंडोज नवं टाकू का क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू? दोनच वाक्यांत सांगा.

बीड_बायपास:
नवंच टाका. क्लोन म्हणजे जुन्या घरातली घाण ट्रकात भरून नव्या घरात नेणं.

नांदेड_टायपिंग:
यांना काय जातंय बोलायला. मराठी टायपिंगचं लायसन, अंगठ्याचं ड्रायव्हर, सहीचं टोकन, दोन प्रिंटर, हे सगळं परत बसवायला कोण येणार? क्लोनच करा.

साटा_अण्णा:
क्लोन. सी आणि तिच्याआधीचं 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' नावाचं 100 एमबीचं बारकं पार्टिशन, दोन्हीला टिक करा. डी घेऊ नका, मावणार नाही. इन्व्हर्टरवर करा. मधेच लाइट गेली तरी जुनी डिस्क फक्त वाचली जाती, तिला काही होत नाही. परत पहिल्यापासून करावं लागंल इतकंच.

गोदाकाठ_झेरॉक्स:
क्लोन झालं. काडीचा फरक नाही.

साटा_अण्णा:
अजून जुनीवरूनच चालू व्हायलंय. बंद करा, जुनीची वायर काढा, मग चालू करा.

गोदाकाठ_झेरॉक्स:
काढली. काळी स्क्रीन, 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. आता जुनं पण गेलं का?

साटा_अण्णा:
जुनं कुठं जात नाही. त्या बारक्या पार्टिशनला टिक केली होती का?

गोदाकाठ_झेरॉक्स:
100 एमबीत काय असणार? सीला केली.

साटा_अण्णा:
विंडोज चालू करणारी फाइलच त्यात असती! एसएसडीवरचं सगळं पुसा, दोन्ही घेऊन परत क्लोन करा. पहिल्यांदा चालू करताना जुनी जोडलेली नको, दोन्हीची ओळख एकच असल्यानं विंडोज एकीला ऑफलाइन करतं. नंतर जोडल्यावर ऑफलाइन दिसली तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून ऑनलाइन करा.

गोदाकाठ_झेरॉक्स:
झालं! पासवर्ड विचारायला पण वेळ लागला नाही. डीमधल्या डेटासाठी जुनी परत जोडलीय.

गोदाकाठ_झेरॉक्स:
आज सकाळी परत जुनीवरूनच चालू झालं. वरून पोर्टल उघडना, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणायलंय. एसएसडी खराब निघाली का?

नांदेड_टायपिंग:
घड्याळ बघा हो. तारीख काय आहे?

गोदाकाठ_झेरॉक्स:
1 जानेवारी 2011.

साटा_अण्णा:
बोर्डावरची बॅटरी संपली. रात्री लाइट गेली असंल, बायोस सगळं विसरला. तारीख मागं गेली की सुरक्षित साइट उघडत नाहीत. सीआर2032 टाका, तारीख लावा, एसएसडी पहिल्या नंबरला ठेवा. साटा मोड आधी होता तोच पाहिजे, नसता निळी स्क्रीन येईल.

उदगीरी_बाबू:
म्हणून म्हणत होतो आय5 घ्या.

गोदाकाठ_झेरॉक्स:
घड्याळवाल्याकडून आणून बसवली. पोर्टल उघडलं, फॉर्म भरणं चालू आहे. आता डीव्हीडी दिसना. हे कशामुळं?