परदेशात एक सेमिस्टर फील्डवर्क : मोजपट्टी खरंच हातात येते का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पर्यावरणशास्त्राच्या पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे. पुढच्या वर्षी एक सेमिस्टर बाहेरच्या एखाद्या फील्ड प्रोग्रॅमला जायला परवानगी मिळालीये, पण कुठे जायचं ते मीच शोधायचंय. महिनाभर वेबसाइट चाळतेय. सगळीकडे लाइफजॅकेट घातलेली हसरी मुलं आणि मागे सूर्यास्त. मोजपट्टी हातात घेतलेलं कुणी दिसेल तर शपथ!

तर प्रश्न हाच. तिथे पदवीच्या मुलांना खरं संशोधन करू देतात का? आणि काय मोजायचं हे कोण ठरवतं?

मला आतापर्यंत जे समजलंय ते लिहिते, चुकत असेन तर कान धरा.

स्कूल फॉर फील्ड स्टडीज १९८० पासून आहे. एकाच केंद्रावर मुक्काम असतो. साउथ कायकोस बेटावर प्रवाळ आणि मासेमारी, टांझानियात ऱ्होटियाला वन्यजीव, ऑस्ट्रेलियात युंगाबुराला वर्षावन. शेवटी तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली 'डायरेक्टेड रिसर्च' करायचा.

स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंगमध्ये (एसआयटी) आधी वर्ग आणि भटकंती, मग शेवटचे साधारण चार आठवडे स्वतःचा प्रकल्प. विषय आपला, माणसं आपण शोधायची. ऐकायला भारी वाटतं, पण चार आठवड्यांत मी हरवून जाईन अशी भीती वाटते.

ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज (१९६३) म्हणजे कोस्टा रिकातली ला सेल्व्हा, पालो व्हेर्दे, लास क्रुसेस ही केंद्रं. याबद्दल कुणी अनुभवाने लिहील का?

सी सेमिस्टरही पाहिलं. अमेरिकेत वुड्स होलला किनाऱ्यावर वर्ग आणि मग शिडाच्या जहाजावर. पण मला होडीतही मळमळतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

प्रतिसाद १
नॉर्वेचं आर्क्टिकमधलं स्वालबार्ड सुटलं की! तिथल्या लाँगयिअरब्येन गावातलं युनिस हे विद्यापीठ केंद्र, ७८ अंश उत्तर. हिमनद्या, पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन), आर्क्टिक जीवशास्त्र, सगळं इंग्रजीत. सुरुवातीलाच ध्रुवीय अस्वलांपासून बचावाचं प्रशिक्षण, त्यात बंदूक चालवणंही आलं. फक्त हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवतच नाही हे लक्षात घेऊन सेमिस्टर निवडा.

प्रतिसाद २
ला सेल्व्हाला राहिलोय, म्हणून लिहितो. तिथे वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. वही साधी नेलीत तर दुसऱ्या दिवशी लगदा. पेन्सिल आणि पाण्यात टिकणारा कागद न्या. झाडाला हात टेकवायची सवय असेल तर आत्ताच सोडा, बुलेट अँट ही जबर डंखाची मुंगी चावली की दिवस गेला म्हणून समजा.

आता मोजपट्टीचं. सुरुवातीला आमच्याकडून छोटे छोटे प्रकल्प करून घेतले. सकाळी प्रश्न ठरवायचा, दुपारपर्यंत मोजमाप, रात्री सगळ्यांसमोर मांडणी. पहिल्या तिन्ही वेळा माझा प्रश्नच चुकीचा निघाला. 'बेडकांवर पावसाचा परिणाम' हा काही एका दिवसाचा प्रश्न नव्हे! एका वाटेवर, ठरलेल्या अंतरात, ओढ्याजवळ जास्त सापडतात की ओढ्यापासून लांब, इतकं बारीक करावं लागतं. हे आधी शिकलात तर चार आठवड्यांत हरवणार नाही.

कोण ठरवतं म्हणाल, तर केंद्राच्या जुन्या कामात भर घातली की विषय थोडा बांधलेला असतो, पण आधीची वर्षानुवर्षांची आकडेवारी हाताशी येते. स्वतःचा विषय घेतला की मोकळीक पूर्ण, पण परवानगी, वाटाड्या आणि नमुना किती घ्यायचा हेही तुमच्याच डोक्यावर. पहिल्यांदा जाणाऱ्याने बांधलेला विषय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडून गेल्या सेमिस्टरचं रोजचं वेळापत्रक मागवा. फील्डचे तास मोजा. वेळापत्रक देताना आढेवेढे घेतले तर समजून जा. आणि क्रेडिट इथे धरले जातील हे निघायच्या आधी लेखी घ्या. माझ्या एका मित्राचे परत आल्यावर अडकले ते अडकलेच.

धागाकर्ती
दोघांचे आभार. अस्वलं नकोत बाबा :) बेडकांचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. माझा ठरवलेला विषय 'पर्यटनाचा प्रवाळावर परिणाम' असा होता, तो आता गुपचूप खोडलाय. दोन ठिकाणी वेळापत्रकासाठी आजच मेल टाकते. एकच शंका राहिली : आकडेवारीसाठी 'आर' (R) ही संगणकाची भाषा वापरतात असं दिसतंय. मला एक्सेलच्या पुढे काही येत नाही. जायच्या आधी शिकून जाऊ, की तिथे शिकवतात?