कॉपर इलेक्ट्रोफॉर्मिंग: पानाच्या फक्त कडांनाच दाणे कसे आणायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कुणी इलेक्ट्रोफॉर्मिंग करून (म्हणजे द्रावणात वीज सोडून वस्तूवर धातूचा थर चढवून) दागिने बनवतं का? मला पेंडंटसाठी खऱ्या पानावर तांबं चढवायचंय. मधल्या शिरा जशाच्या तशा दिसायला हव्यात आणि कडेला मात्र प्रवाळासारखे खडबडीत दाणे हवेत.

सेटअप नेहमीचाच, मोरचूद आणि सल्फ्युरिक ॲसिडचा बाथ (द्रावण), तांब्याचा ॲनोड (धन टोकाला जोडलेला पत्रा), डीसी सप्लाय. पान वाळवून लॅकरने सील करते आणि त्यावर ग्रॅफाइटचा कंडक्टिव्ह (वीज वाहणारा) पेंट. दोन्ही बाजू धरून २० चौ. सेंमी भरतं, ०.३ अँपिअरवर तासाला साधारण २० मायक्रॉन चढतं, म्हणजे पाव मिलिमीटरला १२-१३ तास, आणि थर एकदम छान गुळगुळीत येतो.

गाडी अडते ती दाण्यांपाशी. करंट तिप्पट केला की कडांना दाणे येतात, कडा आणि टोकं करंट जास्त खेचतातच, पण ते दाणे काळपट भुसभुशीत, ब्रश फिरवला की गळतात आणि शिरा बुजतात ते वेगळंच.

माझा विचार असा की आधी कमी करंटवर गुळगुळीत थर द्यायचा, मग मधला भाग नेलपॉलिशने झाकायचा, उघडी कड पातळ ॲसिडमध्ये बुडवून काढायची म्हणजे पुढचा थर नीट धरेल, मग जास्त करंटवर दाणे (उघड्या भागाच्या हिशेबानेच हं, अख्ख्या पानाच्या नाही) आणि शेवटी परत कमी करंटवर ठेवून ते दाणे पक्के करायचे. पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डच्या) कॉपर फॉइलची एक बाजू असंच करून खडबडीत करतात, आधी गाठी मग त्यांना धरून ठेवणारा थर, त्यामुळे दागिन्यातही जमायला हवं असं मला मनापासून वाटतंय.

आता विचारायचंय ते हे की माझ्या बाथमधलं ब्राइटनर (थर गुळगुळीत, चकचकीत यावा म्हणून घालतात ते रसायन) मुळात टोकं वाढूच देत नाही, तर दाण्यांसाठी बिनब्राइटनरचा वेगळा बाथ करू का आहे तोच ॲक्टिव्हेटेड कार्बनने गाळून घेऊ? त्या वेळेपुरतं ढवळणं बंद ठेवायचं का? आणि नेलपॉलिश जिथे संपतं तिथे पायरीसारखी रेघ उमटेल ना, ती कशी टाळता?

कडेला बारीक वाळू चिकटवून वर पेंट मारायचा उपाय माहितीये, सोपाय, पण ते दाणे लावल्यासारखे दिसतात. मला ते धातूतूनच उगवल्यासारखे हवेत.

कुणी केलं असेल तर फोटोबरोबर करंट आणि पृष्ठभाग किती होता तेही लिहा प्लीज, नुसत्या अँपिअरवरून काही कळत नाही.