ॲप नाकारा, पण काय चुकलं ते नेमकं सांगा

मखमलाबादकर : द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही होईल असं ॲप केलंय. कोणतं औषध, किती मिली, कोणत्या प्लॉटला आणि काढणीला अजून किती दिवस थांबायचं, एवढंच. ऑक्टोबर छाटणीच्या आत लोकांच्या हातात पडावं म्हणून ऑगस्टमध्येच एका ॲप स्टोअरकडे तपासणीला पाठवलं. तीनदा परत आलं. आधी लॉगिन होत नाही म्हणून. मग कॅमेऱ्याची परवानगी कशाला, ते नीट लिहिलं नाही म्हणून. मी 'ॲपला कॅमेरा हवा आहे' लिहिलं होतं, ते बदलून 'पानावरच्या डागाचा फोटो नोंदीला जोडण्यासाठी' केलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं की ॲप पुरेसं उपयुक्त नाही. कोणता स्क्रीन, काय कमी पडलं, एक अक्षर नाही. सगळी कारणं पहिल्यांदाच सांगता येत नाहीत का? इकडे दिंडोरीकडच्या बागा छाटून झाल्या. छाटणीपासूनच्या फवारण्या लिहिल्या नाहीत तर त्या वहीचा उपयोग काय?

सातपूरचा टेस्टर : दादा, लॉगिनच झालं नाही तर पुढचं स्टोअरच्या तपासणाऱ्याला दिसणार कसं? तुमचा ओटीपी तुमच्या नंबरवर येणार. त्याला आत जाता यावं म्हणून डेमो खातं आधीच द्यायचं असतं.

मखमलाबादकर : पहिल्या वेळची चूक माझीच, मान्य. पण दुसऱ्या वेळी माणूस आत जाऊन कॅमेऱ्यापर्यंत पोचला होता. तेव्हा बाकीचंही सांगायचं होतं.

पंचवटी ४२२००३ : कशाला त्यांच्या पाया पडता? एपीके फाइल, म्हणजे स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये टाकता येणारी ॲपची फाइल, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका, संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

सिडकोची ताई : हे अजिबात करू नका. माझ्या मावसभावाने अशाच लिंकवरून कर्जाचं ॲप घेतलं आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर धमक्या गेल्या. माझ्या सासूबाईंनासुद्धा. एकट्या २०२२ मध्ये गूगलने आपल्याच स्टोअरवरच्या ३,५०० हून जास्त कर्ज-ॲपवर कारवाई केली. तपासणी असतानाही एवढी निघाली, नसती तर काय झालं असतं? चार आठवडे गेले तरी चालतील, पण शेतकऱ्याला लिंकवरून ॲप टाकायची सवय लावू नका.

पिंपळगावचा बागायतदार : ताईंचं पटतं. आम्हालाही नकार नवा नाही. २०१० ला क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. फार हाल झाले, पण त्यानंतर औषधाच्या बाबतीत लोक सावध झाले. नकारातूनही माणूस शिकतो.

मखमलाबादकर : काका, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. लॅबच्या रिपोर्टात कोणता अंश, किलोला किती मिलिग्रॅम, मर्यादा किती, सगळं असतं. म्हणून तर पुढच्या वर्षी काय टाळायचं ते कळतं. नुसतं 'द्राक्षं चांगली नाहीत' एवढंच कळवलं असतं तर तुम्ही काय सुधारलं असतं?

सातपूरचा टेस्टर : हे मात्र खरं. पण अपील करता येतं, ते केलंत का? स्क्रीनचा व्हिडिओ जोडा आणि कोण वापरणार ते चार ओळींत लिहा. तपासणाऱ्याने द्राक्षबाग पाहिलेली नसेल, त्याला ती साधी यादीच वाटली असणार.

मखमलाबादकर : अजून केलं नाही. आज रात्री बसतो.

पिंपळगावचा बागायतदार : मागच्या हंगामात निर्यातदाराने माझी फवारणीची वही मागितली होती. पानं भिजलेली, दोन तारखा वाचता येईनात, त्यासाठी मला दोन चकरा पडल्या. त्या पानांचे फोटो पाठवतो, अपिलाला जोड.